बफेल काढा, अंजन ठेवा

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी "गवत उपटते" एवढंच सांगत आले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत समोरचा माणूस आधी हसतो, मग आपण हसायला नको होतं असं वाटून "म्हणजे लँडस्केपिंग का?" असं विचारतो. चिप कंपनीतल्या इंजिनीअरची बायको वेळ जावा म्हणून बागकाम करत असेल, असा त्याचा समज. नाही हो. मी चांगली पगारी गवत उपटत होते, हेल्थ इन्शुरन्ससकट. आणि त्याच्या आधी, देशात असताना, तेच गवत पेरायचा पगार घेत होते. एकाच गवताने मला दोन्ही देशांत पोसलं, असं म्हणायला हरकत नाही.

मंडळाच्या या अंकाच्या संपादकबाईंनी "काहीतरी हलकंफुलकं लिहा, फील्डमधल्या गमतीजमती" असं सांगितलं होतं. गमती आहेत, एकदोन सांगतेही. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती वगळून बाकीच्या सांगितल्या तर मी जे एकदा केलं तेच पुन्हा केल्यासारखं होईल. तेव्हा संपादकबाई, क्षमस्व.

आधी गवताची ओळख करून देते. नगर जिल्ह्यातल्या एका गवत संशोधन योजनेत मी एम.एस्सी. ॲग्री होऊन नोकरीला लागले. उजाड, वाहून चाललेल्या टेकड्यांवर कुरण उभं करायचं हे आमचं काम, आणि त्यातलं आमचं लाडकं गवत म्हणजे अंजन. अंजनाचं झाड वेगळं, डोळ्यांत घालायचं अंजन वेगळं. हे अंजन गवत. गुडघाभर उंचीचे ठोंब, त्यावर उंदराच्या शेपटीसारखे केसाळ तुरे. ऊन सोसतं, गुरं आवडीने खातात, मुळं माती धरून ठेवतात, मेलं मेलं म्हणेपर्यंत एका पावसात पुन्हा फुटतं. अडचण फक्त बियांची. बी कुसळांच्या झुबक्यात बसलेलं असतं, फेकलं की वाऱ्यावर उडून जातं. म्हणून शेण, माती आणि बारीक रेतीत बी कालवायचं, हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायच्या, सावलीत वाळवायच्या आणि पावसाच्या तोंडावर उधळायच्या. अशा किती गोळ्या मी वळल्या असतील त्याला गणती नाही. उघडी जमीन दिसली की माझे हात शिवशिवायचे. उघडी जमीन म्हणजे आजारी जमीन, हे आमच्या साहेबांनी डोक्यात पक्कं बसवलं होतं.

मग लग्न झालं, आणि अविनाशची कंपनी आम्हाला ॲरिझोनात, टूसॉनला घेऊन आली. माझा व्हिसा डिपेंडंटचा. नोकरी करायची परवानगी नाही, ड्रायव्हिंग येत नाही, मुलगी ईरा अजून व्हायची होती. सगळीकडे दगड, मुरूम आणि निवडुंग. दिवसभर मी घरात बसून माझ्या डिग्रीची फाइल पुसून ठेवायचे, दुसरं काय करणार.

एकदा अविनाश मला कुठलासा डोंगर दाखवायला नेत होता. रस्त्याच्या कडेला वाऱ्यावर तुरे हलताना दिसले आणि मी ओरडलेच.

"गाडी थांबव."

"अगं हायवे आहे हा. असं कुठेही पार्क नाही करता येत."

"अविनाश, अंजन आहे."

"कोण?"

"अंजन. आपलं अंजन गवत."

त्याने पुढच्या एक्झिटला गाडी वळवून पुन्हा मागे आणली, आणि मी त्या धुळीत उकिडवी बसून तुरा तळहातावर चोळला. तेच कुसळ, तेच बी. मला रडू आलं, हे आता सांगायला लाज वाटत नाही. अमेरिकेत आल्यापासून मला ओळखणारं हे पहिलंच कोणी भेटलं होतं. मी पर्स भरून तुरे घेतले. अविनाश म्हणाला, "आता याचं काय करणार?" मी म्हटलं, "बघू."

आमच्या गल्लीच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी डोलोरेस राहायची. मेक्सिकन वळणाची, जन्म इथलाच, शाळेची बस चालवून रिटायर झालेली. नवरा रे वारला होता, मुलं दोन दिशांना पांगलेली. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची सवय व्हायला मला वर्ष लागलं. मनात मी तिला मावशीच म्हणायचे. ती मला मॅन्डी म्हणायची, कारण मंदाकिनी तिला झेपलं नाही, आणि लाडात आली की "मिहा" म्हणायची, म्हणजे पोरी. तिच्या घरामागची टेकडी तिच्याच मालकीची. टेकडीच्या खिंडीत एक सग्वारो उभा होता. सग्वारो म्हणजे सिनेमात दाखवतात तो खांबासारखा उंच निवडुंग, हात वर केलेला. याला तीन हात होते. डोलोरेस आणि रे त्याला कोंपाद्रे म्हणायचे, म्हणजे घरोब्यातला दोस्त. त्यांच्या लग्नाचा फोटो त्याच्यापुढेच काढलेला, आणि त्या फोटोत त्याला एकच हात होता, तोही नुकता फुटलेला. सग्वारोला पहिला हात फुटायला माणसाचं आयुष्य जातं.

"पावसात त्याच्या मुळाशी माती वाहून चाललीय," एक दिवस ती मला म्हणाली. "रे असता तर त्याने काहीतरी केलं असतं. कोंपाद्रे पडला तर मला इथे राहवणार नाही."

आता सांगा, मी काय केलं असेल? वर्षभर कुणी मला माझ्या विषयातलं अवाक्षर विचारलं नव्हतं. मी तिच्याबरोबर खिंडीपर्यंत चढले, ओघळ पाहिले, आणि एखाद्या खातेप्रमुखासारखं सांगितलं की यावर माझ्याकडे औषध आहे. गवत लावू. त्याला अंजन म्हणतात, आमच्याकडचं आहे, माती धरून ठेवतं.

"तू गवताची डॉक्टर आहेस?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. पीएच.डी. नव्हती माझी, पण त्या क्षणी मला हो म्हणायचंच होतं.

शेणखत गार्डन सेंटरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळालं. तिच्या ओसरीवरच्या टेबलावर आम्ही दोघींनी बी कालवलं आणि गोळ्या वळल्या. तिचा हात माझ्याहून चपळ चालायचा, मक्याच्या पिठाचे तमाले वळणाऱ्या बाईचा हात. वास कसला येतोय म्हणून नाक मुरडत होती आणि हसत होती. मग पावसाआधी आम्ही त्या कोंपाद्रेच्या भोवती, वरच्या सगळ्या उघड्या खिंडीत उधळल्या. ऑगस्टमध्ये हिरवंगार उगवून आलं. तिने फोटो काढून फ्रिजवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, हे मॅन्डीचं "अन्हान". तिच्या तोंडी 'ज'चा 'ह' व्हायचा. त्या पावसात माती हलली नाही. मला इतका आनंद झाला होता की मी योजनेतल्या साहेबांना पत्रही लिहिलं.

पुढे ईरा झाली, ती शाळेत जायला लागली, आमची ग्रीन कार्डं आली. मी इथल्या एका सरकारी तणनिर्मूलन पथकाची जाहिरात पाहिली. गवतं ओळखणारा माणूस हवा होता. मुलाखतीत मी अशी काही बोलले की त्यांनी लगेच घेतलं. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी पथकप्रमुख वेस, उन्हाने रापलेला, मितभाषी माणूस, एका बादलीतून एक ठोंब काढून टेबलावर ठेवता झाला.

"हा चेहरा नीट बघून ठेवा," तो म्हणाला. "बफेलग्रास. या वाळवंटाचा सगळ्यात मोठा शत्रू."

टेबलावर अंजन होतं.

डोळ्यांत अंजन घालणे, हा वाक्प्रचार मी शाळेत दहा वेळा वाक्यात उपयोग करून लिहिला असेल. तो इतका शब्दशः माझ्याच वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. वेस समजावत होता आणि मी मान खाली घालून लिहून घेत होते. हे गवत गुरांसाठी, धूप थांबवायला, मुद्दाम बाहेरून आणून पेरलं गेलं. शहाण्यासुरत्या लोकांनीच पेरलं. मग ते कुंपणाबाहेर पडलं. या वाळवंटातली झाडं एकमेकांपासून लांब लांब, मध्ये मोकळी जमीन ठेवून उभी असतात. ती मोकळी जमीन हाच त्यांचा बचाव. वीज पडली तर एक झुडूप जळतं आणि आग तिथेच विझते, कारण पुढे खायला काही नसतं. बफेल नेमकं त्या मोकळ्या जागा भरून काढतं. मग आगीला सतरंजी अंथरल्यासारखी वाट मिळते. सग्वारो, पालोवेर्देची झाडं, इथलं काहीच आगीला सरावलेलं नाही. ते मरतं. बफेल मात्र आठपंधरा दिवसांत बुडख्यातून पुन्हा फुटतं.

म्हणजे ज्या उघड्या जमिनीला मी आजारी म्हणत आले होते, ती इथे ठणठणीत होती. आजार मी गोळ्या वळून टाकला होता.

त्या दिवशी हात वर करून "सर, मी हे पेरलंय" असं म्हणायला हवं होतं. नवीन नोकरी होती. मी गप्प बसले.

कामाचं म्हणाल तर ते समजायला सोपं आणि करायला कठीण. दोन रस्ते. एक पहार. हो, आपलीच पहार. इथे तिला बार म्हणतात. ठोंबाच्या बुडाशी घालायची, उचकटायची, मुळासकट काढायचं, माती झटकायची, तुरे पिशवीत भरायचे. एक तुरा सांडला तर पुढच्या वर्षी हजेरीला तिथेच. दुसरा रस्ता फवारणीचा, पण औषध फक्त हिरव्या पानातून आत जातं, आणि बफेल हिरवं असतं उन्हाळी पावसानंतरचे थोडे आठवडे. वर्षाचं सगळं गणित त्या आठवड्यांवर. औषधात निळा रंग मिसळतात, कुठे मारलं ते कळावं म्हणून. ऑगस्टभर माझे हात, बूट आणि एकदा तर मंगळसूत्राच्या वाट्याही निळ्या होत्या.

माणसंही भेटत. एका गृहस्थाने त्याच्या परसातलं बफेल काढू द्यायला साफ नकार दिला, कारण त्याच्या कासवाला दुसरं काही रुचत नव्हतं. आम्ही तिघांनी तासभर कासवाला वेगवेगळा पाला खाऊ घातला. कासवाने शेवटी कुठल्याशा रानफुलाला तोंड लावलं, तेव्हा कुठे सही मिळाली. दुसरे एक आपलेच. मंडळाने एका शनिवारी गवत उपटायचा कार्यक्रम ठेवला होता, त्यात एकांचे वडील आले होते, गावाकडून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. डोक्याला रुमाल, पायांत नातवाचे स्पोर्ट्‌स शूज. सगळे फोटो काढत होते आणि हे काका पिशव्यांकडे बघत उभे.

"ताई, हे कुठं नेणार?"

"कचरा डेपोत, काका."

"एवढी वैरण?" त्यांनी एक काडी मोडून दाताखाली धरली. "अहो, हे तर अंजन."

एवढ्या वर्षांत त्या शब्दाने त्याला ओळखणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं. मी म्हटलं, "हो काका. पण इथे ते चालत नाही." त्यांनी दाताखालची काडी काढून पिशवीत टाकली. मग म्हणाले, "गवताची काय चूक त्यात." आणि पहार घेऊन तरण्या पोरांहून जास्त ठोंब काढले.

पण हे नंतरचं. नोकरीला लागून दोन महिने झाले होते, तेव्हा वेसने माझ्यापुढे एक फाइल टाकली. टेकडीच्या खालच्या उतारावर बफेल, घराला लागून, धोका मोठा. मालकीण परवानगी देत नाही. स्वयंसेवक दोनदा जाऊन हात हलवत परत आले. शेरा असा होता: 'गवताच्या एका तज्ज्ञाने चांगलं गवत आहे असं सांगितल्याचं म्हणते.' पत्ता आमच्या गल्लीचा.

"तुझ्या शेजारची आहे ना?" वेस म्हणाला. "कोण तो गाढव तज्ज्ञ, बघ जरा."

संध्याकाळी मी गेले. डोलोरेसने हिबिस्कसचं लाल सरबत पुढे केलं. मी आधी ठरवलं होतं की सरळ सांगायचं. सरबत प्याले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग अगदी ऑफिसच्या आवाजात म्हटलं की तुमच्या खालच्या उतारावर बफेलग्रास आलंय, रस्त्यावरून आलं असणार, ते काढायला हवं. आग लागते.

ती गोंधळली. "पण मी त्या पोरांना घालवून दिलं. मला वाटलं, हे वरून उतरलेलं तुझं अन्हान आहे. हे अन्हान नाही?"

तिने दार उघडून धरलं होतं. फक्त आत जायचं होतं. "आहे, मावशी, तेच आहे, माझं चुकलं." एवढंच.

"नाही," मी म्हटलं. "सारखी दिसतात."

तिने माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. खालचा उतार पथकाने पार साफ केला. तिथे पुन्हा एक ठोंब टिकला नाही, दर ऑगस्टला आम्ही जाऊन बघायचो. वरच्या खिंडीचं मी मनाशी ठरवलं होतं, आपण पेरलं, आपणच गुपचूप काढू. पण डोलोरेस दिवसभर ओसरीवर. ती घरात नसे ती फक्त रविवारी सकाळी, चर्चला जायची तेव्हा. तेव्हा मी पहार घेऊन चढायचे, तिची गाडी परत वळताना दिसली की पलीकडच्या बाजूने उतरायचे. चोरी करायला लोक चढतात, मी चोरून चूक निस्तरायला चढत होते. हे असं कितीतरी वर्षं चाललं. कधी मी पुढे, कधी ते. खिंड मोठी, वेळ तासाभराचा.

"मिहा, यंदा तुझं अन्हान कमी आलंय," ती मला म्हणायची. "वाईट वाटून घेऊ नकोस. पाऊसच कमी आहे."

मग एका जूनमध्ये दुसऱ्याच एका उतारावर माझा पाय घसरला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वेसने मला टेबलावर बसवलं. त्या वर्षी पाऊस असा पडला की डोंगर ओळखू येईनात. पथक डोलोरेसकडे नेहमीची पाहणी करायला गेलं. दुसऱ्या दिवशी वेस कागद घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"म्हातारी म्हणते, खालचं बफेल काढा, वरचं ठेवा. वरचं वेगळं गवत आहे म्हणे. अन्हान की काय. तू काही ऐकलंयस?"

माझ्या पायाला पट्टा बांधलेला होता आणि कॅलेंडरवर फवारणीचे दोन आठवडे उरले होते. हे मला दोन्ही दिसत होतं.

"हो," मी म्हटलं. "मी बघून घेईन."

तो निघून गेला. गवताचं मी सांगितलं म्हणजे विषय संपला, असं पथकात सगळे धरून चालायचे. हिवाळ्यात पाय बरा झाला की काढू, असं मी स्वतःला सांगितलं. हिवाळ्यात पाय बरा नव्हता. घरी अविनाशला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, वेसला फक्त मेसेज टाक ना. एक लाइन." ईरा फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, जस्ट टेल हर. इट्स सो सिंपल." तिला नसेल कठीण. मी त्या बाईची डॉक्टर होते.

पुढच्या जूनमध्ये टेकडीच्या पलीकडे कुणीतरी ग्राइंडरने लोखंडी फाटक कापत होतं. ठिणगी उडाली. भर दुपारची वेळ. आग पलीकडून चढली, खिंडीत आली आणि तिथे माझं वर्षभर न काढलेलं, कमरेएवढं वाढून वाळलेलं अंजन उभं होतं. गल्लीतून आम्ही सगळे बघत होतो. पेटलेल्या गवताचा आवाज इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. खालच्या साफ केलेल्या उतारावर आग आली आणि थांबली. पुढे खायला काही नव्हतं. घराच्या भिंतीलाही धग लागली नाही.

डोलोरेसने माझा हात घट्ट धरला होता. "घर वाचलं, मिहा. तुझ्या लोकांनी वाचवलं." मग हळूच म्हणाली, "बिचारं तुझं अन्हान."

ऑफिसात वेसने त्या उताराचा फोटो मोठा करून भिंतीला लावला. वर काळं, खाली शाबूत. लोक माझी पाठ थोपटून जात. मी रोज त्या फोटोकडे पाठ करून बसायचे.

कोंपाद्रे पडला नाही. भाजलेला सग्वारो लगेच पडत नाही. बुंधा तपकिरी होतो, वरचा भाग हिरवा राहतो, आणि अंगात साठलेल्या पाण्यावर तो काही वर्षं काढतो. बघणाऱ्याला वाटतं, वाचला. डोलोरेसलाही तसंच वाटत होतं.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता की मला वाटलं तिचा मुलगा आला असेल.

"मॅन्डी, लवकर ये. तुला एक गोष्ट दाखवायचीय."

ओसरीवर दोन पेले सरबत मांडलेलं. तिने मला खांद्याला धरून टेकडीकडे वळवलं. काळ्या खिंडीत जागोजाग हिरवे ठोंब वर आले होते. दुसरं काहीच उगवलं नव्हतं, फक्त तेच.

"परत आलं बघ तुझं अन्हान," ती म्हणाली. "म्हटलं, तुला कधी एकदा दाखवते. किती हळहळत होते मी तुझ्यासाठी."

मला त्या क्षणी जे वाटलं ते मला लिहिता येत नाही. मी खाली पायरीवर बसले. म्हटलं, "डोलोरेस, बफेल आणि अंजन वेगळं नाही. एकच आहे. आम्ही खाली काढलं तेच. मी वर पेरलं तेच."

तिने टेबलावरचा आपला पेला उचलला.

"आग त्याच्यामुळे वर एवढी भडकली. कोंपाद्रे हिरवा दिसतोय, पण तो जगणार नाही. दोनतीन वर्षं, फार तर."

"आणि मी तुला विचारलं होतं तेव्हा?" तिने विचारलं. "हे अन्हान आहे का म्हणून?"

"खोटं बोलले."

"का?"

"लाज वाटली. तुम्ही मला डॉक्टर म्हणायचात."

ती टेकडीकडे बघत राहिली. तिच्या हातातला पेला तसाच होता.

"मी एक आठवडा रागावले असते," ती म्हणाली. "फार तर दोन."

मग ती आत गेली. जाळीचं दार तिने आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. माझं सरबत टेबलावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी वेसलाही सांगितलं. आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, गवत या जागी कसं आलं याचा. डोलोरेसच्या फॉर्मवर इतकी वर्षं माझ्याच अक्षरात 'अज्ञात' लिहिलेलं होतं. ते खोडून मी माझं नाव लिहिलं. वेसने वाचलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "माझ्या बापाने रँचवर पेरलं होतं," तो एवढंच म्हणाला. "विकतचं बी आणून." भिंतीवरचा फोटो त्याने काढला नाही, मीही काही बोलले नाही.

गेल्या वर्षी मी रिटायर झाले. केक कापला, भाषणं झाली, मला एक चकचकीत नवी पहार भेट मिळाली. अनेक डोंगर मी आणि माझ्या सोबत्यांनी राखले, याचा मला अभिमान आहे, तो खोटा नाही. पण कुणी "तुम्ही किती सग्वारो वाचवले असतील हो" म्हणालं, की माझ्या डोळ्यांपुढे एकच येतो.

रविवारी मी अजून डोलोरेसच्या टेकडीवर जाते. आता चर्चच्या वेळेला नाही, ती घरी असते तेव्हा. पहिले काही रविवार ती बाहेरच आली नाही. मग एकदा खुर्ची घेऊन ओसरीवर बसली. सरबत पुढे आलं नाही, आणि मिहा म्हणणं बंद झालं ते बंदच आहे. तिच्या गळ्यात रेची जुनी दुर्बीण असते. कोंपाद्रेचा एक हात या उन्हाळ्यात गळून पडला, ते तिने दुर्बिणीतून पाहिलं आणि मला काही सांगितलं नाही. मी वर गेल्यावर मला दिसलं.

टूसॉनमध्ये सगळे त्या गवताला बफेल म्हणतात, मीही म्हणते. एक ती सोडून. दुर्बीण टेकडीवरून हळूहळू फिरवते, कुठे हिरवं दिसलं की थांबते आणि मला हाक मारते, "मॅन्डी. अंजन. डावीकडे." आता ती 'अन्हान' म्हणत नाही. अगदी स्वच्छ 'अंजन' म्हणते. कधी शिकली कोण जाणे.

मी "हो" म्हणते आणि पहार घेऊन डावीकडे चढायला लागते.